ही गाडी आज सुटणार नाही

दिवाळीच्या आठवड्यात स्वारगेटला, मुंबई सेंट्रलला किंवा नाशिकच्या ठक्कर बाजार स्थानकावर जाऊन उभं राहावं. फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. बोचकी, पिशव्या, कडेवरची पोरं, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे तरुण, आणि जादा गाडीची घोषणा झाली की उडणारी झुंबड. या गर्दीला एसटीची दोनच माणसं दिसतात, ड्रायव्हर आणि कंडक्टर. गाडी वेळेवर आली तर त्यांना कुणी विचारत नाही आणि उशिरा आली तर सगळा राग त्यांच्यावर निघतो. तिसरा माणूस फलाटावर येत नाही. तो आगाराच्या कार्यशाळेत, पीटमध्ये उतरून, हातातली बॅटरी वर धरून गाडीच्या पोटाकडे पाहत असतो. त्याने ‘घ्या गाडी’ म्हटल्यावरच ती फलाटाला लागते.

मेकॅनिकची हुशारी आपण एकाच मापाने मोजतो: बंद पडलेली गाडी त्याने किती लवकर सुरू केली. ताफा सांभाळणाऱ्या मेकॅनिकला हे माप पुरत नाही. पहाटे साडेपाचच्या गाडीचं रिझर्व्हेशन फुल्ल आहे, वाहतूक नियंत्रकाचा माणूस दारात येऊन ‘झाली का?’ विचारतोय, आणि मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेकचे लायनर झिजून रिव्हेटला टेकलेले दिसताहेत. अशा वेळी ‘ही गाडी आज सुटणार नाही’ असं मेकॅनिक म्हणू शकतो का, आणि म्हणाला तर त्याचं ऐकलं जातं का? पन्नास माणसांचं घाट उतरणं या प्रश्नावर अवलंबून असतं. तो नकार द्यायला आधी ज्ञान लागतं. मग सुटे भाग लागतात, हाताशी एखादी राखीव गाडी लागते, आणि पाठीशी उभा राहणारा साहेब लागतो. यातलं एक जरी कमी पडलं तरी त्या नकाराची किंमत मेकॅनिक एकट्याने मोजतो.

गॅरेज आणि आगार

गॅरेजचा मेकॅनिक गाडीची वाट पाहतो. गाडी बंद पडते, टोचन करून आणली जाते, आणि मग काम सुरू होतं. कळंबोली, भिवंडी, चाकण इथल्या ट्रकच्या गॅरेजांचा धंदा असाच चालतो, आणि नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखणारे हात तिथे आहेत. आगारातला मेकॅनिक चालत्या गाडीला बोलावून घेतो. जिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही अशी गाडी ठरलेल्या किलोमीटरनंतर आत घ्यायची, चाकं उतरवायची, ड्रम काढायचे, ग्रीस भरायचं, ऑइल आणि फिल्टर बदलायचे, पाट्यांचे यू बोल्ट आवळायचे, हे त्याचं मुख्य काम. डेपोच्या बोलीत याला डॉकिंग म्हणतात. डॉकिंग नीट झालं तर पुढचे काही आठवडे त्या गाडीबद्दल कुणी काही बोलत नाही.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, ती बेडफर्डची, लाकडी सांगाड्याची. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर महामंडळाला आजचं नाव मिळालं, आणि ‘गाव तेथे एसटी’ म्हणता म्हणता अडीचशे आगारं आणि एकतीस विभाग उभे राहिले. या विस्ताराची गोष्ट आपण रस्त्यांच्या आणि गावांच्या बाजूने सांगतो. ती कार्यशाळांच्या बाजूनेही सांगता येते. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळचं हिंगणा इथे तीन मध्यवर्ती कार्यशाळा झाल्या. कंपनीकडून नुसती चॅसी घ्यायची आणि तिच्यावर बॉडी आपल्याच कामगारांनी बांधायची, ही रीत तिथे रुजली. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला रिव्हेट मारून बांधलेल्या लाल गाड्यांमधून महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या शाळेला, बाजाराला, लग्नाला गेल्या. पुढे अपघातात सांगाडा तग धरावा म्हणून माइल्ड स्टीलच्या बॉडी आल्या.

कामाची वाटणी तीन पायऱ्यांची आहे. रोजची तपासणी आणि डॉकिंग आगारात होतं. मोठी कामं आणि आरटीओ पासिंगची तयारी विभागीय कार्यशाळेत होते. इंजिन किंवा गिअर बॉक्स पूर्ण खोलून नव्यासारखा करायचा, ते त्याहून वर. या रचनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे युनिट बदलणं. एखाद्या गाडीचं इंजिन बसलं तर आगार ते खोलत बसत नाही. आधीच तयार करून ठेवलेलं दुसरं इंजिन चढवतात, गाडी रस्त्यावर जाते आणि बिघडलेलं इंजिन कार्यशाळेकडे रवाना होतं. टायरचंही असंच. झिजलेला टायर पुनःस्तरण करून पुन्हा वापरात येतो, मात्र असा टायर मागच्या चाकांना लावायचा आणि पुढे नवे ठेवायचे हा शिरस्ता. पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही, म्हणून.

गणपतीत मुंबईहून कोकणात जादा गाड्यांची रांग लागते, आषाढीला पंढरपूरकडे अलीकडच्या वर्षांत पाच हजारांच्या आसपास जादा गाड्या सुटतात, तेव्हा ही सगळी रचना कसाला लागते. महामार्गावर ठिकठिकाणी दुरुस्ती पथकं उभी केली जातात. रात्री दोनला कशेडी घाटात क्लच गेलेली गाडी, पाऊस, आत झोपलेली मुलं, आणि रस्त्यावर ताडपत्री अंथरून गाडीखाली सरकलेले दोघं. वारीची किंवा गणपतीची आठवण सांगताना या दोघांचा उल्लेख कुणी करत नाही. तो व्हायला हवा.

रात्रपाळी

रात्री दहा-अकरानंतर लांबच्या फेऱ्या परतू लागतात. डिझेल भरून, धुऊन झाली की गाडी तपासणीला येते. काही गाड्या खेड्यात मुक्कामी असतात आणि त्यांना रात्री मेकॅनिकचा हात लागत नाही. त्यामुळे मुक्कामी गाडी दुपारी आगारात टेकते तेव्हाच तिच्याकडे पाहून घ्यावं लागतं.

तपासणी सुरू होते हवेपासून. कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून ब्रेकच्या टाक्यांमध्ये भरतो. त्या हवेतली वाफ टाकीत पाणी होऊन साचते. टाकीखालची साखळी ओढली की ते फुस्सकन बाहेर येतं. साधं पाणी आलं तर ठीक. पांढुरकं, तेलकट आलं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय, त्याची रिंग झिजली आहे. पाणी वेळेवर काढलं नाही तर ते व्हॉल्व्हपर्यंत पोचतं, आत गंज धरतो, आणि एके दिवशी ब्रेक सोडला तरी सुटत नाही. नव्या गाड्यांत हवा कोरडी करणारा ड्रायर असतो, पण त्याचं कार्ट्रिज वेळेवर बदललं तरच तो उपयोगी. कोकणातल्या आगारांत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ही एक साखळी रोज ओढणं म्हणजे अर्धी सुरक्षितता आहे.

मग ब्रेक. टाक्यांत सात-आठ किलो दाब भरलेला. एक जण सीटवर बसून पायाने ब्रेक दाबतो, दुसरा खाली राहून चेंबरमधून बाहेर येणारा दांडा पाहतो. दांडा स्लॅक अ‍ॅडजस्टरला ढकलतो, अ‍ॅडजस्टर इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचा कॅम फिरवतो, आणि कॅम दोन्ही शूंना रेटून ड्रमला आतून भिडवतो. लायनर झिजत गेला की तो आणि ड्रम यांच्यातली फट वाढते आणि दांड्याला जास्त धावावं लागतं. काही अंतरापर्यंत ड्रायव्हरच्या पायाला फरक कळत नाही, ब्रेक नेहमीसारखाच लागतो. पण दांड्याची धाव अमर्याद नसते. शेवटाला पोचलेला दांडा शू दाबू शकत नाही.

सपाट रस्त्यावर हे लपून राहतं. घाटात लपत नाही. उतारावर पाय ब्रेकवर ठेवून गाडी सोडली की ड्रम तापतो. तापलेला ड्रम फुगतो, म्हणजे लायनरपासून आणखी दूर जातो. तापलेल्या लायनरची पकडही घटते. सकाळी आगारात पुरेसा वाटलेला ब्रेक कुंभार्लीच्या किंवा आंबा घाटाच्या मधल्या वळणावर अपुरा पडू शकतो. म्हणूनच ज्या गिअरला घाट चढला त्याच गिअरला उतरायचा, हे जुने ड्रायव्हर नव्यांना पुन्हा पुन्हा बजावतात. आणि म्हणूनच खाली बसलेला मेकॅनिक दांड्याच्या धावेतला अर्ध्या इंचाचा फरक सोडून देत नाही. अ‍ॅडजस्टरचा बोल्ट आवळत न्यायचा, शू ड्रमला लागला की थोडा मागे सोडायचा, आणि सगळ्या चाकांना सारखंच ठेवायचं. एका चाकाला कमी-जास्त झालं तर ब्रेक मारताच गाडी बाजूला ओढते. आवळूनही दांडा लांब येत असेल तर पुढचं उत्तर एकच, ड्रम उतरवा. लायनर ज्या रिव्हेटने शूवर बसवलेला असतो त्यांची डोकी वर आली असतील तर ती ड्रम खरवडतात आणि पकड जाते. अशी गाडी फेरीला पाठवायची नसते.

नुकत्याच परतलेल्या गाडीच्या चाकांजवळून जाताना अनुभवी मेकॅनिक पालथा हात ड्रमजवळ नेतो. तीन चाकं कोमट आणि एक हात न लावण्याइतकं तापलेलं असेल तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही किंवा बेअरिंग घट्ट आहे. मग चाकाचे नट. हातोडीने हलका ठोका मारला की घट्ट नट खणखणतो, सैल नट बोदा आवाज देतो. नटापासून बाहेर पसरलेली गंजाची तांबूस रेघ दिसली तर नट सैल होऊन हलत होता असं समजायचं. मग पाटे: गाडी एका बाजूला बसली आहे का, मेन पाट्याला चीर आहे का, सेंटर बोल्ट जागेवर आहे का. शेवटी स्टिअरिंगचे सांधे आणि त्यांच्या नटांतल्या स्प्लिट पिना. काही रुपयांची ती पिन नसेल तर नट फिरत फिरत सुटतो आणि सांधा निसटतो. गाडी वळवण्याचं साधन मग ड्रायव्हरकडे उरत नाही.

एवढं सगळं एका गाडीला. रात्रीत अशा कितीतरी गाड्या, आणि हात मोजके. कुठली तपासणी पूर्ण करायची आणि कुठली नजरेवर सोडायची हा हिशेब हेड मेकॅनिक रोज रात्री करतो. मनुष्यबळ कमी पडतं तेव्हा त्याचा पहिला परिणाम इथे होतो, आणि तो कुठल्याही प्रवाशाला दिसत नाही.

ड्रायव्हर लिहितो, मेकॅनिक वाचतो

फेरीवरून आलेला ड्रायव्हर वहीत तक्रार लिहून देतो. ‘ब्रेक डावीकडे ओढतो.’ ‘पिकअप नाही.’ ‘सेल्फ घेत नाही.’ ‘स्टिअरिंग जड.’ तीन-चार शब्दांची ओळ, पण तिच्यातून दोष शोधणं ही वेगळी विद्या आहे.

ब्रेक डावीकडे ओढतो म्हटल्यावर शिकाऊ मुलगा डाव्या चाकाकडे धावतो. मुरलेला मेकॅनिक आधी उजव्या चाकाकडे जातो, कारण उजवा ब्रेक कमी लागत असेल तरी गाडी डावीकडेच जाते. लायनरवर ग्रीस किंवा तेल उतरलंय का, दांडा पूर्ण येतोय का, हे पाहून मगच तो डावीकडे वळतो. पिकअप नाही म्हटलं की धूर पाहायचा. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय, एअर फिल्टर तुंबलाय किंवा नोझल बिघडलाय. ऊस हंगामात मराठवाड्यातल्या मातीच्या रस्त्यांवर फिल्टर किती लवकर भरतो ते तिथल्या आगारांना विचारावं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर आणि रेडिएटरचं घटणारं पाणी ही जोडी दिसली तर हेड गॅस्केटची शंका घ्यायची.

एकच तक्रार तीन वेगवेगळ्या ड्रायव्हरांनी लिहिली असेल तर तिचा अर्थ गंभीर असतो. दोष सापडलेला नाही, किंवा सापडला पण भाग मिळाला नाही, आणि तरी गाडी सोडली गेली. ही वही कुणी शांतपणे वाचली तर त्या आगाराची खरी तब्येत तिच्यात मिळेल. सुरक्षित आगारात ड्रायव्हर मोकळेपणाने तक्रार लिहितात आणि मेकॅनिक तिच्यासमोर काय केलं ते लिहितो. बिघडलेल्या आगारात दोघंही कमी लिहायला लागतात. ‘लिहून काय होणार’ ही भावना एकदा बसली की गाडीबद्दलची सगळ्यात मोलाची माहिती, म्हणजे ती चालवणाऱ्याच्या हातापायांना जाणवलेली, कागदावर येणं बंद होतं.

मेकॅनिकच्या सहीला कायद्याचंही वजन आहे. अपघात झाला की मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ प्रमाणे गाडीची तपासणी होते. ब्रेक, स्टिअरिंग, टायर कसे होते याचा अहवाल जातो, आणि मागोमाग प्रश्न येतो, गाडी कुणी पास केली होती? त्या रात्री भाग नव्हता, पर्यायी गाडी नव्हती, वरून घाई होती, हे त्या सहीत कुठे लिहिलेलं नसतं.

नकाराला आधार

समजा एका आगाराच्या साठ फेऱ्या आहेत आणि चालत्या स्थितीतल्या गाड्या पासष्ट. पाच गाड्या डॉकिंगला, दुरुस्तीला, पासिंगला उभ्या राहू शकतात. त्यातल्या दोन जुन्या झाल्या म्हणून भंगारात गेल्या, नव्या आल्या नाहीत, आणि एक अपघातात अडकली. उरलेल्या दोन डॉकिंगला किंवा पासिंगला लागल्या, की पहाटे एखादी गाडी थांबवायची म्हणजे एक फेरी रद्द करायची. फेरी रद्द झाली की गावातून फोन येतात, शाळेची मुलं अडकतात, उत्पन्न बुडतं आणि आगार व्यवस्थापकाला जाब द्यावा लागतो. कागदावर मेकॅनिकचा अधिकार तोच असतो. प्रत्यक्षात तो आटलेला असतो.

गेल्या काही वर्षांत एसटीचं असंच झालं आहे. कोविडपूर्वी ताफा अठरा हजार गाड्यांच्या घरात होता, तो नंतर पंधरा हजारांच्या आसपास आला. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या उभ्या राहिल्या. मग ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत महामंडळाच्या राज्य सरकारात विलीनीकरणाच्या मागणीसाठी कर्मचाऱ्यांचा संप चालला. त्या मागणीच्या बऱ्यावाईटात इथे शिरत नाही, पण महिनोन्‌महिने उभ्या गाडीचं काय होतं ते यंत्राच्या बाजूने सांगायला हवं. बॅटरी उतरते. टायर एकाच जागी दबून राहतो. ड्रमला गंज धरतो, रबरी सील सुकतात, डिझेलच्या टाकीत पाणी साचतं, वायरिंगमध्ये उंदीर शिरतात. संप मिटल्यावर गाडी धुतली आणि फेरीला लावली, इतकं ते सोपं नव्हतं. एकेक गाडी पुन्हा उभी करावी लागली आणि ते काम कार्यशाळेने केलं.

दरम्यान प्रवासी वाढले. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट मिळू लागलं. हे निर्णय मला मनापासून पटतात. माहेरी जाणाऱ्या बाईला, दवाखान्यात जाणाऱ्या आजीला त्यांनी घराबाहेर पडण्याची मोकळीक दिली. पण भरलेल्या गाडीचा भार पाट्यांवर, टायरवर, लायनरवर येतो. सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला देतं. त्या वाढलेल्या गर्दीमागे किती लायनर आणि किती पाटे लागतील याचा हिशेबही त्याच वेळी मांडायला हवा.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपुढच्या सरकारी आणि महामंडळांच्या गाड्यांची नोंदणी चालू ठेवता येत नाही. नियम चांगला आहे. फक्त जुनी गाडी बाहेर गेली त्याच सुमारास नवी आली तरच तो मेकॅनिकच्या बाजूचा ठरतो. मध्ये पोकळी राहिली तर उरलेल्या गाड्या जास्त धावतात, डॉकिंग पुढे ढकललं जातं. पुढे ढकललेली देखभाल ऊसतोड कामगाराच्या उचलीसारखी असते. आज हातात पडते, फेडताना अंगावर येते.

खाली काम करणाऱ्यांची सुरक्षितता

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून मुलं शिकाऊ उमेदवार म्हणून आगारात येतात. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याने ही वाट खुली केली, आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या हजारो मुलांनी पहिला पाना एसटीच्या कार्यशाळेत धरला. अलीकडे मुलीही या कामावर येऊ लागल्या आहेत. गिअर बॉक्स उतरवायला नुसती ताकद लागते हा समज त्या हळूहळू मोडत आहेत. ट्रान्समिशन जॅक असेल तर ते काम दोन सावध माणसांचं आहे, आणि तो नसेल तर पैलवानाचीही कंबर जाते.

धोके नेमके आहेत आणि टाळता येण्यासारखे आहेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, आधी घोडी लावायची. जुन्या लायनरांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, त्यामुळे ड्रममधली धूळ हवेच्या नळीने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. वापरलेलं इंजिन ऑइल कातडीला घातक, म्हणून हातमोजे हवेत आणि काम संपल्यावर हात डिझेलने नव्हे, साबणाने धुवायला हवेत. पार्किंग ब्रेकच्या चेंबरमध्ये दाबून बसवलेली प्रचंड ताकदीची स्प्रिंग असते. ती बोल्टने बंदिस्त केल्याशिवाय चेंबर उघडला तर झाकण गोळ्यासारखं सुटतं. लॉक रिंगच्या टायरमध्ये पिंजऱ्याबाहेर हवा भरली आणि रिंग नीट बसलेली नसली तर ती उडते. माणूस मरतो. पंक्चरच्या दुकानांत अशी माणसं मेली आहेत.

हे प्रत्येक मेकॅनिकला माहीत असतं. पण घोड्या पुरेशा नसतील, पिंजरा मोडलेला असेल, पावसाळ्यात पीटमध्ये घोटाभर पाणी असेल आणि डोक्यावरचा दिवा बंद असेल, तर माहितीचा उपयोग किती? दसऱ्याला आपण हत्यारांची पूजा करतो, गाडीला झेंडूच्या माळा घालतो. कार्यशाळेत तो दिवस मनापासून साजरा होतो आणि व्हावा. त्याच श्रद्धेने वर्षातून एकदा प्रत्येक जॅक, घोडी आणि पिंजरा तपासून मोडका बाजूला काढला, तर ती पूजा वर्षभर टिकेल.

लॅपटॉप आणि भाड्याची गाडी

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्या आल्या आणि कार्यशाळेचं काम बदललं. धुरातले विषारी नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला अ‍ॅडब्लू नावाचं द्रावण लागतं. त्यात साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. ते निकृष्ट भरलं किंवा सेन्सरने चुकीचा संदेश दिला तर संगणक इंजिनाची ताकद आपोआप कमी करतो. गाडी चढाला हळू होते आणि ड्रायव्हर लिहितो ‘पिकअप नाही’. जुन्या गाडीत या तक्रारीचं उत्तर फिल्टर आणि नोझलमध्ये असायचं. आता लॅपटॉप जोडून कोड वाचावा लागतो. कोड म्हणतो सेन्सर खराब, आणि प्रत्यक्षात वायर उंदराने कुरतडलेली असते. म्हणजे जुना डोळा लागतोच, त्याच्या जोडीला नवं शिक्षण लागतं. पन्नाशीतल्या मेकॅनिकने पुरेसं प्रशिक्षण मिळाल्यावर लॅपटॉप आत्मसात केला नाही असं होत नाही. आगारात लॅपटॉप आणि अधिकृत सॉफ्टवेअर पोचलंच नाही, असं मात्र होऊ शकतं.

१ जून २०२२ रोजी, पहिल्या एसटीच्या त्याच पुणे–अहमदनगर मार्गावर, ‘शिवाई’ ही विजेवरची गाडी धावली. तिच्यात क्लच नाही, नोझल नाही, धूर नाही. शेकडो व्होल्टचा प्रवाह नारिंगी केबलमधून वाहतो, आणि ती केबल प्रशिक्षणाशिवाय हाताळणं म्हणजे जिवाशी खेळ. तरी ब्रेक, टायर, सस्पेन्शन, स्टिअरिंग तिथेही आहेत, आणि बॅटऱ्यांमुळे गाडी जड असल्याने त्यांच्यावर ताणही आहे. विजेची गाडी आली म्हणून मेकॅनिकचं काम संपलं, हे खरं नाही.

बदल वेगळ्याच ठिकाणी झाला आहे. विजेच्या गाड्या बहुधा भाडेकरारावर येतात. गाडी कंपनीची, देखभाल कंपनीची, आणि महामंडळ किलोमीटरमागे पैसे देतं. शिवशाहीच्या काही गाड्यांतही हा प्रकार आपण पाहिला. सार्वजनिक वाहतुकीला भांडवल कमी पडतं तेव्हा असा करार करण्यात गैर काही नाही. पण किलोमीटरवर पैसे मिळणाऱ्या कंत्राटात उभी गाडी म्हणजे थेट तोटा. तिथे काम करणाऱ्या मेकॅनिकने ‘ही गाडी आज सुटणार नाही’ म्हटलं, तर त्याच्या पाठीशी कोण असेल? करारात याचं उत्तर लिहिलेलं असायला हवं. गाडी कुणाचीही असो, तिच्यावर एसटीचं नाव आहे. मग एसटीच्या मेकॅनिकला ती तपासण्याचा आणि थांबवण्याचा अधिकार असलाच पाहिजे. आणखी एक भीती आहे. दहा-पंधरा वर्षं देखभाल बाहेरच राहिली तर दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याच्या कार्यशाळांत पिढ्यांनी साठवलेलं ज्ञान नव्या गाड्यांपर्यंत पोचणारच नाही. करार संपेल त्या दिवशी आपल्याकडे गाडी समजणारा माणूस उरलेला नसेल.

काय करता येईल

सार्वजनिक परिवहनात दर दहा हजार किलोमीटरमागे किती मार्गस्थ बिघाड झाले ते मोजतात, डिझेलला केएमपीएल, म्हणजे लिटरमागे किलोमीटर, किती पडलं ते मोजतात. ही मापं उपयोगी आहेत. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: तपासणीत दोष सापडून सुटण्याआधी किती गाड्या थांबवल्या. आज अशी थांबवलेली गाडी आगाराच्या खात्यात फेरी रद्द म्हणून जमा होते आणि मेकॅनिक गुन्हेगार ठरतो. ती टळलेला बिघाड म्हणून मोजली तर तो आपल्या कामाचा हिशेब मान वर करून देईल. दोष न सापडणारं आगार चांगलं असेल किंवा आंधळं, आणि या रकान्यामुळे त्यातला फरकही कळेल.

प्रत्येक आगाराला फेऱ्यांच्या प्रमाणात राखीव गाड्या हव्यात, आणि यात्रा-जत्रेतही त्यांना हात लावायचा नाही असं बंधन हवं. लायनर, पाटे, किंगपिनचे संच, ब्रेकच्या डायफ्रॅमसारखे जिवावरचे भाग आगारात कधीच संपणार नाहीत, याची जबाबदारी नावाने कुणावर तरी हवी. भरती रखडली तर रात्रपाळी रिकामी राहते, हे अर्थसंकल्प मांडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असायला हवं. प्रशिक्षण नव्या गाडीच्या खरेदीचाच भाग धरला जावा. गाडी आधी आणि तिचं शिक्षण तीन वर्षांनी, असं चालणार नाही.

प्रवाशांचंही एक काम आहे. फेरी रद्द झाली की आपण चिडतो, आणि ते साहजिक आहे. त्या वेळी कारण विचारावं. ड्रायव्हर नाही, गाडीच नाही, नियोजन चुकलं, असं उत्तर आलं तर जरूर भांडावं, लेखी तक्रार करावी, आमदाराला धरावं. पण तपासणीत ब्रेकचा दोष सापडला म्हणून गाडी थांबवली असेल, तर त्या मेकॅनिकची तक्रार करू नये. त्याने आपलं काम केलं आहे.

मेकॅनिकचा नकार एसटीत आजही जिवंत आहे. भाग नसताना, गाड्या कमी असताना, साहेबाचा आवाज चढलेला असतानाही अनेक आगारांत माणसं तो देतात, आणि त्याची बोलणीही खातात. हे त्यांच्या एकट्याच्या धैर्यावर सोडून देणं आपल्याला शोभत नाही. दोष लिहून गाडी थांबवणाऱ्या मेकॅनिकवर कारवाई होणार नाही, आणि त्याचा शेरा खोडून ती सोडायची असेल तर सोडणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने सही करावी, एवढा एक लेखी नियम प्रत्येक आगारात, स्वतःच्या आणि भाड्याच्या सगळ्या गाड्यांना लागू करा. त्याला पैसा लागत नाही.